आयर्न पॉइंटच्या रिकाम्या खाटा

मिल्वॉकी, ९ सप्टेंबर

प्रिय हेल्मीआत्या,

फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस आणि मग थंडीपावसावर घसरतेस, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही, एवढा तरी फायदा.

तू विचारलंस, जुलैत मी आयर्न पॉइंटला येतेय की नाही. तू बाबांची चुलतबहीण, आणि वर आपल्या गावातली एकुलती एक बालरोगतज्ज्ञ, त्यामुळे विचारायचा तुला दुहेरी हक्क आहे. माझं इथलं तिसरं वर्ष जूनमध्ये संपेल आणि मीही बालरोगतज्ज्ञ होईन. तुझ्या रुग्णालयाने माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे हे मी विसरलेले नाही.

पण घोडं असं अडलंय की मला वॉर्डात दाखल झालेली मुलंच आवडतात. लसी टोचणं, उंची मोजणं, शाळेचे दाखले लिहिणं यात माझा जीव रमत नाही. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, “मग त्यातलीच फेलोशिप कर. आणखी दोन वर्षं शिक.” पूर्वी वॉर्डात काम करत करतच माणसं त्यातली तज्ज्ञ व्हायची. परीक्षा द्यायची आणि मोकळं व्हायचं. तो दरवाजा आता बंद झालाय. आता दोन वर्षं शिकल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि परीक्षा नसेल तर मुलांची मोठी रुग्णालयं अर्ज बाजूला ठेवू लागली आहेत. तुमच्यासारख्या लहान ठिकाणी अजून कोणी विचारत नाही.

मी चार ठिकाणी अर्ज केलेत. आईला सांगितलं, बाबांना अजून नाही. दोन वर्षांनी मी परत येईनच असं वचन देता येणार नाही, कारण एवढं शिकलेली माणसं सहसा मोठ्या शहरातच राहतात. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

तुझी,
काइसा

◆

आयर्न पॉइंट, १६ सप्टेंबर

प्रिय काइसा,

मी तुझ्या जागी असते तर आत्याला आधी विचारलं असतं आणि अर्ज मग केले असते. असो.

मला खरंच समजून घ्यायचंय, हा टोमणा नाही. बरं, थोडा आहे. तीन वर्षं तुला वॉर्डात पिळून काढल्यावर तेच काम करायला आणखी दोन वर्षं शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? मी एकोणतीस वर्षं हे करतेय आणि अजून शिकतेच आहे, पण मला त्याचा पगार मिळतो.

तुला ठाऊक नसेल, तो दरवाजा बंद होण्याआधी मीही अर्ज केला होता. नकार आला. माझा वॉर्डातला वेळ पुरेसा भरत नव्हता. सकाळी वॉर्ड, दुपारी दवाखाना, मधे बाळंतपणातली नवी बाळं, असं माझं काम. ज्याला फक्त वॉर्ड बघायचाय त्याच्यासाठी तो नियम असेल, पण आमच्या गावात पोरं अशी वाटून आजारी पडत नाहीत. तेव्हा मी रागाने ते नकाराचं पत्र शेगडीत घातलं. मग मे महिना आला, बर्फ वितळलं, आणि राग गेला.

तर माझं एक काम कर. मुलाखतींना जाशील तिथे जे ही दोन वर्षं करताहेत त्या प्रत्येकाला विचार, “आधी ठाऊक नव्हतं असं तुला आता काय ठाऊक आहे?” आणि मला खरी उत्तरं कळव, माहितीपुस्तकातली नकोत.

तुझ्या बाबांना, वॉल्टला, अर्जाचं तू सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल मीच फूस लावली.

आत्या

◆

मिल्वॉकी, ३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

बाबांना सांगितलं. ते “हं” म्हणाले आणि नंतर दहा मिनिटं ट्रकच्या टायरांबद्दल बोलले. म्हणजे त्यांना लागलंय.

तुझा प्रश्न घेऊन तीन गावं फिरून आले. पहिल्या ठिकाणी मार्गो नावाची मुलगी भेटली, दुसऱ्या वर्षाची. लोक निघून जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “खरं सांगू? माझ्या नवऱ्याची नोकरी याच शहरात आहे, आणि इथलं मुलांचं रुग्णालय फेलोशिपशिवाय घेत नाही. मला ठाऊक असलेलं आधीही ठाऊक होतं.” दुसऱ्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, त्याला शिकवायचं कसं ते कळलं. आधी तो विद्यार्थ्यांसमोर नुसता स्वतःची हुशारी दाखवायचा.

आणि माझी मैत्रीण डॅनी आठवते? आमच्या वर्षात वॉर्डात तिच्या तोडीचं कोणी नाही. तिने मागच्या आठवड्यात दवाखान्याची नोकरी घेतली. मी म्हटलं, “तू? लसी टोचणार?” ती म्हणाली, “माझं बाळ आठ महिन्यांचं आहे गं. आणखी दोन वर्षं मी त्याला झोपलेलंच बघू का?”

पण तिसऱ्या ठिकाणी डॉ. ओकाफोर भेटले, आणि तेव्हापासून माझं डोकं थाऱ्यावर नाही. ते म्हणाले, “दोन वर्षांत मी थांबायला शिकलो.” कसलं थांबणं? तर हिवाळ्यात छाती भरलेली तान्ही बाळं येतात, त्यांच्या पायाच्या बोटाला आपण ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतो. बाळ सुधारतं, त्याचा ऑक्सिजन बंद होतो, पण यंत्र तसंच राहतं. झोपेत आकडा जरा खाली जातो, घंटा वाजते, नर्स धावते, पुन्हा ऑक्सिजन सुरू, आणि बाळाचा मुक्काम वाढतो. झोपेत आकडा तुझामाझाही हलतो. ऑक्सिजन सुटलेल्या, दूध पिणाऱ्या बाळाचं यंत्र काढून अधूनमधून तपासलं तरी काही बिघडत नाही आणि ती लवकर घरी जातात, असं अभ्यासांतून दिसलंय. ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण यंत्र कोणी काढत नाही, कारण ते आधीपासून लावलेलं असतं. ओकाफोर दोन वर्षं याच मागे होते, की माणसं जे ठाऊक आहे ते करत का नाहीत.

मी इथल्या वॉर्डात येऊन पाहिलं. आमच्याकडेही तेच. तुझ्याकडे किती वेळ ठेवता?

काइसा

◆

आयर्न पॉइंट, ११ ऑक्टोबर

प्रिय काइसा,

पत्र मिळालं. डॅनीला सांग, तिने बरं केलं.

इकडे वाऱ्याने सगळी पानं एका दिवसात उतरवली. सरपण भरून झालं. तुझ्या आईने वेलचीचा पाव दिला, नेहमीप्रमाणे मधे थोडा कच्चा. वॉल्ट शिकारीच्या खोपटाचं छप्पर दुरुस्त करतोय आणि दर तासाला शिडीवरून उतरून कॉफी पितोय.

यंत्राचं बघू. लगेच काही सांगता येत नाही.

आत्या

◆

मिल्वॉकी, १९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

“यंत्राचं बघू”?

मला प्रश्न घेऊन दारोदार फिरवलंस, आणि एक उत्तर तुझ्या दारात आलं तर तू मला सरपण सांगतेस. डोरीनबाई तुझ्या वॉर्डात नर्स झाल्या तेव्हापासून जे चालत आलंय तेच चालणार, असंच ना? बाहेरच्या लोकांनी काढलेलं असलं की तू नाक मुरडतेस. तुला परीक्षेला बसू दिलं नाही म्हणून त्यांचं ज्ञान काही खोटं ठरत नाही.

जरा जास्त लिहिलं. पण खोडत नाही.

काइसा

◆

आयर्न पॉइंट, २ नोव्हेंबर

प्रिय काइसा,

खोडू नकोस. लागलं, पण खोडू नकोस.

ओकाफोरांनी केलेलं काम मी मागवून वाचलं, सगळं. मग डोरीनला वाचायला दिलं. यंदा साथ लवकर आली आहे. गेल्या सोमवारी लाम्पिनेनांचा धाकटा आला, चार महिन्यांचा, छाती नुसती शिट्ट्या मारत होती. बुधवारी सकाळपर्यंत ऑक्सिजन सुटला, बाटली संपवायला लागला. मी डोरीनला म्हटलं, “काढ ते बोटाचं.”

ती म्हणाली, “डॉक्टर, मी काढीन. पण आकडा दिसला नाही की माझा जीव खालीवर होतो, त्याचं काय?”

“माझाही होतो. आपण दोघी पोराकडे बघू.”

“पोराकडे तर मी बघतेच हो. सवय नाही नुसतं पोराकडेच बघायची.”

त्याची आई तर यंत्र काढल्यावर रडायलाच लागली. तिला वाटलं, आम्ही आशा सोडली. हे आधी समजावून सांगायला हवं होतं, माझं चुकलं. तुझ्या ओकाफोरांना कळव, की घरच्यांना आधी सांगायचं. मग आम्ही दर थोड्या वेळाने जाऊन त्याचा रंग बघितला, श्वास मोजला. पोरगं ढाराढूर झोपलं. गुरुवारी सकाळी घरी. एरवी मी त्याला रविवारपर्यंत ठेवलं असतं, काइसा, आणि सावधपणा म्हणून स्वतःची पाठ थोपटली असती.

त्यानंतर आणखी काही पोरं तशीच लवकर घरी गेली. एकही परत आलं नाही. तू म्हणालीस ते बरोबर होतं. वॉर्डात इतकी शांतता आहे की डोरीन कपाटं आवरत बसते.

आत्या

◆

मिल्वॉकी, ७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि शेवटच्या मुलाखतीत सांगून टाकलं. घरच्यांना आधी सांगायचं, हे ऐकून समोरच्या तिघांनी लिहून घेतलं. एकीने विचारलं, “या डॉक्टरबाई कुठे शिकल्या?” मी म्हटलं, “आयर्न पॉइंटला.” त्यांना ते कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

आता ऐक. मी ठरवलंय. पुढच्या बुधवारपर्यंत आम्ही आमच्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने कळवायची असतात, ती त्यांची पसंती कळवतात, मग डिसेंबरात कोण कुठे ते जाहीर होतं. एकदा नाव लागलं की तिथे जावंच लागतं. मी त्याआधी माझं नाव काढून घेणार. जे शिकायला दोन वर्षं द्यायची, ते तू आणि डोरीनबाईंनी एका आठवड्यात करून दाखवलं. मग मी ते तुझ्या शेजारी उभी राहून का शिकू नये? मोठ्या रुग्णालयाचं दार बंद झालं तर झालं.

जुलैत मी घरी येतेय. बाबांना अजून सांगू नकोस, महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना मीच सांगेन. आत्या, मला फार आनंद झालाय.

काइसा

◆

आयर्न पॉइंट, १० नोव्हेंबर, जलद टपालाने

काइसा,

नाव काढू नकोस. काढलं असशील तर आजच्या आज फोन करून परत घालता येतं का बघ.

जूनमध्ये आमचे व्यवस्थापक बर्क्विस्ट माझ्याकडे आले होते. भला माणूस आहे, बोलताना त्याची मान वर होईना. म्हणाला, मुलांच्या वॉर्डाला सहा खाटा, आणि त्या भरत नाहीत. या वर्षअखेरपर्यंत निम्म्या तरी भरलेल्या दिसल्या नाहीत, तर विश्वस्त जानेवारीत वॉर्ड बंद करतील. मग पोरांना शहरात पाठवायचं, साडेतीन तास.

मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, हिवाळा आला की खाटा आपोआप भरतील, दरवर्षी भरतात, आणि जुलैत तू येणार हे ठरलं की बर्क्विस्टला मी म्हणेन, बघ, तरुण डॉक्टर येतेय, आता कसा बंद करतोस. तुला ताकास तूर लागू दिली नाही, कारण बुडत्या नावेत बस म्हटलं तर कोण बसेल?

आता तुझ्या लक्षात आलं असेल की तुझं ते यंत्राचं पत्र आलं तेव्हा मी सरपणावर का गेले. मी पाहिल्या पाहिल्या ओळखलं की हे खरं आहे. आणि हेही ओळखलं की हे केलं तर माझ्या खाटा रिकाम्या होतील. तीन आठवडे मी त्या पत्राला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत जी बाळं विनाकारण वॉर्डात पडून राहिली, त्यांच्याबद्दल मला लाज वाटते.

इथे तुझ्यासाठी नोकरी नसणार, काइसा. दवाखान्यात लसी टोचायला जागा असेल, आणि ते तुला नको आहे. तू शिकायला जा.

आत्या

◆

मिल्वॉकी, १२ नोव्हेंबर, जलद टपालाने

आत्या,

नाव अजून काढलेलं नाही. बुधवारपर्यंत वेळ आहे. मला तुझा राग आलाय, आणि माझाही.

मी तुला हट्टी ठरवलं. तू माझ्या पत्रामुळे वॉर्ड घालवतेयस आणि मी मुलाखतीत त्याच्या जोरावर वाहवा मिळवतेय. हे मला सोसवत नाही.

ऐक. यंत्रं पुन्हा लाव. वर्षअखेरपर्यंतच. एरवी सगळा देश लावतोच आहे, कोणी तुला बोट दाखवणार नाही. बाळांना त्याने इजा होत नाही, चार दिवस जास्त मुक्काम एवढंच. वॉर्ड वाचला की जानेवारीत काढून टाक. वॉर्ड राहिला तर पुढची वीस वर्षं तिथल्या पोरांना घराजवळ डॉक्टर मिळेल. त्यापुढे चार दिवस म्हणजे काय? मी येते. मी नाव काढते आणि येते, आपण दोघी मिळून भरू त्या खाटा.

मला फक्त “हो” कळव.

काइसा

◆

आयर्न पॉइंट, १५ नोव्हेंबर

काइसा,

हे पत्र बुधवारनंतर पोचेल. म्हणून आज सकाळी तुला फोन केला आणि तू उचलला नाहीस, तेव्हा “नाही” एवढाच निरोप ठेवला. कारण इथे लिहिते.

आज हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. शाळा बंद, बँक अर्धी बंद, गावातले सगळे पुरुष आणि निम्म्या बायका रानात. वॉर्डात एकच पोर होतं, गावातल्या नीमीच्या मुलीची तान्ही मुलगी. काल तिचा ऑक्सिजन सुटला. आज सकाळी फेरीला गेले तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी यंत्र हातात घेऊन उभी राहिले, खोटं कशाला बोलू. तुझं गणित चुकीचं नाही. वीस वर्षं एका बाजूला आणि चार दिवस दुसऱ्या बाजूला.

तेवढ्यात तिचा बाप आला, अंगावर शिकारीचा नारिंगी डगला, रानातून थेट. म्हणाला, “डॉक्टर, आज नेऊ का तिला? तुम्ही म्हणाल तोवर थांबतो.”

तुम्ही म्हणाल तोवर थांबतो, असं म्हणाला तो, काइसा. इथे ते कधी विचारत नाहीत की का. मी थांब म्हटलं असतं तर तो त्या लाकडी खुर्चीत चार दिवस बसला असता, शिकार सोडून, पगार सोडून, आणि जाताना मला धन्यवाद दिले असते. वॉर्ड वाचवायला मी त्याचं पोर वापरलं, हे त्याला कधीच कळलं नसतं. मला कळलं असतं. आणि जुलैपासून रोज तुला माझ्या शेजारी उभं राहून ते ठाऊक असलं असतं. असलं काही शिकवायला मी तुला इथे बोलावणार नाही.

मी म्हटलं, “ने.”

आत्या

◆

मिल्वॉकी, ८ डिसेंबर

प्रिय आत्या,

मी नाव काढलं नाही. तुझा निरोप तीनदा ऐकला आणि मग यादी पाठवून दिली. निकाल लागला. ओहायोत, डॉ. ओकाफोरांच्या हाताखाली. सगळे अभिनंदन करतात आणि मला रडू येतं. थँक्सगिव्हिंगला आले तेव्हा तू माझ्या ताटात बटाटे वाढत होतीस आणि आपण दोघी थंडीपावसावरच बोलत राहिलो.

या दोन वर्षांत प्रत्येकाला स्वतःचा एक प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करावा लागतो. ओकाफोरांनी फोन करून विचारलं, “तुझा प्रश्न कोणता?” मी म्हटलं, अजून नाही सुचला.

काइसा

◆

आयर्न पॉइंट, २१ जानेवारी

प्रिय काइसा,

विश्वस्तांची बैठक झाली. मार्चपासून मुलांचा वॉर्ड बंद. बर्क्विस्टने मला बोलायला वेळ दिला होता. मी म्हटलं, खाटा रिकाम्या आहेत कारण पोरं लवकर बरी होऊन घरी जातात, हे तुमच्या कागदात कुठल्या रकान्यात बसतं? मग त्यांनी मत दिलं. डोरीनला शस्त्रक्रियेच्या मजल्यावर घेतलंय. ती म्हणते, म्हाताऱ्यांना कडेवर घेता येत नाही. मला दवाखाना आहे, बाळंतपणं आहेत. मी दोन रात्री झोपले नाही, आणि मला अतिशय राग आलाय, यंदा तो मे महिन्यात जाईलसं वाटत नाही.

तुझ्यावर नाही. हे नीट वाच. तुझ्यावर नाही.

तू म्हणालीस, प्रश्न सुचला नाही. माझ्याकडे आहे, घे. गेल्या काही वर्षांत माझ्यासारखे किती वॉर्ड बंद झाले असतील, मला ठाऊक नाही. तिथल्या पोरांचं पुढे काय होतं? आई-बाप साडेतीन तासांच्या बर्फाच्या रस्त्याला भिऊन उशिरा निघतात का? शहरात पोचेपर्यंत पोर जास्त आजारी होतं का? परत कसं येतं, कोण आणतं, घरातल्या बाकीच्या पोरांना कोण बघतं? मला वाटतं, वाईट होत असणार. बैठकीत मी तसंच म्हणाले. पण मला वाटतं म्हणजे ठाऊक आहे असं नव्हे, आणि विश्वस्तांनाही ठाऊक नाही. आम्ही सगळे नुसतेच बोलत होतो.

तू दोन वर्षं घे आणि शोधून काढ. इथली माहिती लागेल ती मी देईन, आई-बापांशी बोलायचं असेल तर घरी घेऊन जाईन, तू म्हणशील ते मोजीन.

एकच अट आहे. असंही निघेल की शहरात ती जास्त चांगली होतात. तिथे मार्गोसारखी, ओकाफोरांसारखी, तुझ्यासारखी माणसं असतील, आणि इथे एकटी मी होते. असं निघेल की एकोणतीस वर्षं मी इथे नसते तरी चाललं असतं, किंवा बरंच झालं असतं. तसं निघालं तर वॉल्टकरवी कळवू नकोस, थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस. मला आधी लिही, आणि सरळ लिही.

मला ते जाणून घ्यायचंय.

आत्या